वर्गाचा ब्लॉग: आधी वाचक, मग वही, शेवटी यंत्र

मुलाने लिहिलेला निबंध किती जण वाचतात? एकच जण, आणि तोही हातात लाल पेन घेऊन. वह्यांचा गठ्ठा तपासून होतो, 'छान, अक्षर सुधार' असा शेरा पडतो आणि वही दप्तरात जाते. कितीतरी वर्षं मीही हेच करत आले. ब्लॉगकडे वळले ती काही तंत्रज्ञानाच्या हौसेने नाही. मुलांचं लिखाण तपासायचं नाही, नुसतं वाचायचं आहे, असा कुणीतरी माणूस मला हवा होता.

कल्पना इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. फ्रान्समधल्या एका खेड्यातले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्यांना फार वेळ बोलून शिकवणं जमत नसे. त्यांची मुलं स्वतःच्या अनुभवावर लिहीत, खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून ते छापत आणि छापलेले कागद टपालाने दुसऱ्या शाळेतल्या मुलांना धाडत. तिकडून उत्तरं येत. मजकूर, जुळणी, छपाई, टपाल, उत्तर हा सगळा पसारा आज एका मोबाइलमध्ये मावतो. फ्रेनेंच्या वर्गात यंत्राआधी मजकूर होता आणि मजकुराची वाट बघणारं कुणीतरी होतं. आपण मात्र पुष्कळदा मोबाइल आधी घेतो आणि मग त्यात काय घालायचं ते शोधत बसतो.

ब्लॉग म्हणजे तारीखवार नोंदींची साधी वेबसाइट. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ मध्ये आला आणि दोनच वर्षांत त्याचा 'ब्लॉग' झाला. नवी नोंद वर येते, जुन्या खाली सरकतात, प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता असतो आणि तिच्याखाली प्रतिक्रियेला जागा असते. वर्गाला यातल्या तीनच गोष्टींचा उपयोग आहे: तारीख, पत्ता आणि प्रतिक्रिया. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेलं लिखाण दोन दिवसांत शुभेच्छांच्या खाली गाडलं जातं. गृहपाठ जमा करायची अॅप कामाची आहेत, पण ती म्हणजे नुसती जमा करायची पेटी. तिथेही वाचक शेवटी शिक्षकच.

पहिली पायरी: वाचक ठरवा

ब्लॉगचं नाव, रंग, मांडणी नंतर बघू. आधी एका कागदावर लिहा की हे कोण वाचणार आहे. 'सगळं जग' हे उत्तर चालणार नाही. सगळं जग काही वाचायला येत नसतं, आणि पहिल्या महिन्यात तुमच्या ब्लॉगवर जे येतील त्यात तुम्ही स्वतः, चार पालक आणि जाहिराती टाकणारी यंत्रं एवढेच असतील.

चालणारी उत्तरं अशी: शेजारच्या तुकडीतली मुलं, दुसऱ्या गावातल्या शाळेतला एक वर्ग, शाळेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुलं, घरची आजी-आजोबा मंडळी. दुसरा वर्ग मिळाला तर उत्तमच, कारण तो उलट लिहितोही. त्यासाठी मोठ्या योजनेची गरज नसते. दुसऱ्या शाळेत तुमच्या ओळखीची एक शिक्षिका असली आणि 'दर आठवड्याला आम्ही तुमच्या दोन नोंदी वाचू, तुम्ही आमच्या दोन वाचा' एवढं ठरलं की झालं. हा शब्द मिळेपर्यंत मी ब्लॉग सुरूच करत नाही. मागे एकदा न ठरवता सुरू केला होता, तो सात नोंदींनंतर बंद पडला.

वय विचाराल तर नऊ-दहा वर्षांपासून मुलं स्वतः लिहू शकतात. त्याहून लहान मुलं सांगतात आणि शिक्षक त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतात. उतरवून घेताना त्यांची वाक्यं सुधारायचा मोह आवरा.

दुसरी पायरी: एकच विषय, एकच महिना

'मुलांचं लिखाण' हा काही विषय होत नाही. पहिल्या महिन्यासाठी एकच गोष्ट घ्या. ती अशी हवी, की मुलांना ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागेल आणि रोज थोडी बदलताना दिसेल. भिजवलेलं बी चालेल, दुपारच्या सावलीची लांबी चालेल, शाळेच्या वाटेवरचं एखादं झाड चालेल. मी चंद्र घेते, कारण त्याला खर्च नाही आणि तो सगळ्यांच्या घरावर येतो.

चंद्राचं जरा सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या पायऱ्या कशाबद्दल आहेत ते दिसेल. अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांनी सुरुवात करा. तेव्हा सूर्य मावळल्यावर पश्चिमेला कोर दिसते. रोज ठरलेल्या एकाच वेळी पाहायचं आणि तीन गोष्टी टिपायच्या: आकार, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची. उंचीला पट्टी लागत नाही. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. एकीवर एक मुठी रचत जायचं. त्याच वेळी पाहिलं तर चंद्र रोज १२-१३ अंश, म्हणजे सव्वा मूठ, पूर्वेकडे सरकलेला असतो आणि मावळायला रोज सरासरी ५० मिनिटं उशीर करतो. पौर्णिमेनंतर संध्याकाळचा चंद्र हातातून जातो. मग मुलं म्हणतात, आता संपलं. तेव्हा त्यांना सकाळी पश्चिमेकडे बघायला सांगा. दिवसाउजेडी चंद्र दिसतो ही गोष्ट निम्म्या वर्गाला नवीन असते.

पहिल्या दिवशीची एक नोंद अशी आली:

'आज मी चंद्र पाहिला. तो खूप छान होता. चांदणेही पडले होते. मला खूप आनंद झाला.'

चूक काहीच नाही आणि वाचकाच्या हाती लागेल असंही काही नाही. मी शेरा मारला नाही, तीन प्रश्न विचारले: कुठून पाहिलास? किती वाजता? तुझ्या समोर काय काय होतं? दुसऱ्या दिवशी आली ती नोंद:

'संध्याकाळी ७ ला गच्चीवर गेलो. चंद्र पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे होता, तीन मुठी वर. बारीक होता, कापलेल्या नखासारखा. बाबा म्हणाले काल तो टाकीच्या मागे होता. मी उद्या परत बघणार, तो टाकीपासून लांब जातो का.'

लेखन शिकवणं म्हणजे या दोन नोंदींच्या मधलं अंतर. ब्लॉगने एवढंच केलं की ते अंतर कापायला मुलाला कारण दिलं. त्याची नोंद वाचणाऱ्याने ती टाकी कधी पाहिलेली नव्हती. ढगाळ दिवसाचीही नोंद ठेवायची: 'आज ढग, ८ वाजेपर्यंत काही दिसलं नाही.' अशी नोंद लिहायला मुलं आधी कचरतात.

तिसरी पायरी: जागा आणि चाव्या

तीस मुलांचे तीस ब्लॉग काढू नका. सगळ्या वर्गाचा एकच काढा. तीस पासवर्ड सांभाळण्यात तुमचं वर्ष जाईल आणि एकेका ब्लॉगवर तीन-तीन नोंदी पडून राहतील.

फुकट आणि सोप्या अशा दोन जागा आहेत. ब्लॉगर १९९९ पासून आहे आणि २००३ पासून तो गूगलकडे आहे. गूगलचं खातं असेल तर दहा मिनिटांत ब्लॉग उभा राहतो. सेटिंगमध्ये शिरल्यावर चार गोष्टी लगेच करा. ब्लॉग कोण वाचू शकेल ते ठरवा: सगळे, फक्त लेखक, की तुम्ही निवडलेले वाचक. पहिला महिना निवडलेले वाचक ठेवा. सर्च इंजिनला दिसण्याचं बटण बंद करा, पण ते कुलूप नव्हे, नुसती विनंती आहे हे लक्षात असू द्या. पुढे ब्लॉग सगळ्यांना खुला केलात की ज्याच्याकडे पत्ता आहे तो येऊ शकतो. प्रतिक्रिया 'नेहमी तपासूनच' या पर्यायावर ठेवा, म्हणजे तुम्ही मंजूर केल्याशिवाय एकही दिसणार नाही. आणि नवीन प्रतिक्रिया आली की तुम्हाला ई-मेल येईल अशी सोय करा, नाहीतर त्या आठवडाभर तशाच पडून राहतात.

दुसरी जागा वर्डप्रेसची. तो २००३ मध्ये आला. त्याच्याकडे वर्गासाठी एक नेमकी सोय आहे, ती म्हणजे भूमिका. 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे तुम्ही. 'एडिटर' दुसऱ्यांचं लिखाण सुधारू आणि प्रसिद्ध करू शकतो, 'ऑथर' फक्त स्वतःचं प्रसिद्ध करतो. मुलांना मात्र 'काँट्रिब्युटर' करा. या भूमिकेत मूल लिहितं आणि तपासणीसाठी पाठवतं, पण प्रसिद्ध करण्याचं बटण त्याच्याकडे नसतं. फोटोही ते चढवू शकत नाही. फोटो तुमच्या हातून गेलेले बरे, त्यामुळे मला ही अडचण सोयीचीच वाटते. शिवाय वर्डप्रेस प्रत्येक नोंदीच्या जुन्या आवृत्त्या सांभाळतो आणि दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक दाखवतो. वर्षाच्या शेवटी पालकांना दाखवायला याहून चांगलं काही नाही.

मुलं तेरा वर्षांखालची असतील तर बहुतेक सेवांवर ती स्वतःच्या नावाने खातं उघडू शकत नाहीत. त्यासाठी खोटी जन्मतारीख टाकायला मुलांना सांगू नका. सगळं तुमच्या एका खात्यावरून चढवा आणि नोंदीखाली मुलाचं टोपणनाव द्या. चार जास्त क्लिक होतात, इतकंच.

चौथी पायरी: परवानग्या

ही पायरी रुक्ष आहे, पण तिच्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुलांच्या माहितीबद्दल देशोदेशी कायदे आहेत आणि त्यांत वयाची रेषा वेगवेगळी आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा तेराखालच्या मुलांसाठी पालकांची परवानगी मागतो. युरोपीय संघात २०१८ पासून ही रेषा सोळाची आहे आणि सदस्य देश ती तेरापर्यंत खाली आणू शकतात. भारताच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे. तुम्ही कुठेही असा, पालकांची लेखी संमती घ्या. पत्र एका पानाचं ठेवा: ब्लॉग कशासाठी, कोण वाचणार, मुलाचं काय काय दिसणार, नोंद काढून टाकायची असेल तर कुणाला सांगायचं. 'लिखाणाला हो, फोटोला नाही' असं म्हणायलाही एक चौकट ठेवा. बरेच पालक नेमकी तीच निवडतात.

नावांचा नियम सोपा आहे. आडनाव नाही, शाळेचा पत्ता नाही, घरी जायची वाट नाही, वाढदिवस नाही. टोपणनावं मुलांनीच निवडावीत. त्यात एक तास मजेत जातो.

फोटोत मी स्वतः अडकले आहे. पहिल्या वर्षी प्रयोग करणाऱ्या मुलांचा पाठमोरा फोटो टाकला. एकाचाही चेहरा दिसत नव्हता, म्हणून निश्चिंत होते. संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. मागच्या फळ्यावर गटांची यादी होती, सगळी पूर्ण नावं, माझ्याच सुवाच्य अक्षरात. तेव्हापासून फोटो टाकण्याआधी आम्ही तो मोठा करून चारही कोपरे बघतो: फळा, गणवेशावरचं नाव, वहीचं मुखपृष्ठ, खिडकीबाहेरची पाटी. हे काम मुलांना द्या. त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं. आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासह नोंदलेलं असू शकतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा.

मुख्याध्यापकांशी एक गोष्ट आधीच बोलून ठेवा: मुलांनी शाळेबद्दलच काही लिहिलं तर? २०१२ मध्ये स्कॉटलंडमधली नऊ वर्षांची एक मुलगी शाळेत मिळणाऱ्या जेवणाचे फोटो काढून त्यांना गुण देत ब्लॉग लिहीत होती. स्थानिक प्रशासनाने फोटो काढायला बंदी घातली, जगभर गदारोळ झाला आणि बंदी मागे घ्यावी लागली. तुमच्याकडे एवढं काही होणार नाही. पण नळाला पाणी नाही, असं एखादं मूल लिहीलच. ते छापायचं की आधी नळ दुरुस्त करायचा, हे ऐनवेळी ठरवायला बसू नका.

पाचवी पायरी: कच्चं कागदावर

मुलांना थेट पडद्यासमोर बसवलं की ती अक्षराचा रंग निवडत बसतात. म्हणून पहिला खर्डा वहीतच. खर्डा झाला की जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, जोडीदाराने एकच प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर मजकुरात घालायचं आणि मग टंकन.

एका वर्गाला एकच संगणक किंवा शिक्षकांचा एकच मोबाइल असला तरी हे चालतं. मी चौघांचं संपादक मंडळ करते आणि दर पंधरा दिवसांनी ते बदलते. एक टंकन करतो, एक मुद्रितशोधन, म्हणजे टंकलेल्या मजकुरातल्या चुका शोधणं, एक चित्र आणि फोटो बघतो, एक प्रतिक्रियांची उत्तरं. उरलेला वर्ग लिहितो. टंकनासाठी मुलं भांडतात आणि मुद्रितशोधनाला कुणी पुढे येत नाही, म्हणून मुद्रितशोधकाला 'या नोंदीला माझी मंजुरी' असं लिहून सही करायचा मान दिला. त्यानंतर रांग लागली.

मराठी टंकनाबद्दल दोन गोष्टी. शाळेच्या संगणकावर जुने, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेले फाँट असतील तर त्यातला मजकूर ब्लॉगवर चिकटवू नका. दुसऱ्याच्या पडद्यावर त्याची निरर्थक चिन्हं होतात. युनिकोडचा कीबोर्ड चालू करून घ्या, म्हणजे मजकूर कुठेही तसाच दिसेल आणि शोधताही येईल. दुसरं, 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' या शब्दांतला 'ऱ' कीबोर्डवर कुठे आहे ते पहिल्याच तासाला शोधून ठेवा. तो सापडला नाही की 'दुसर्या' होतं आणि मग वर्षभर तेच होत राहतं. बोलून टंकन करण्याची सोय मराठीतही आहे. ज्यांचा हात लिहिताना मागे पडतो त्या मुलांना तिचा फार आधार होतो. मात्र ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं आणि विशेषनामं नंतर तपासावीच लागतात.

आणि उलटही करून पाहा. टंकलेली नोंद मोबाइलकडून मोठ्याने वाचून घ्या. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला लगेच खटकते. 'मी मी गच्चीवर गेलो' असं यंत्र निर्विकारपणे म्हणतं तेव्हा वर्ग हसतो आणि दुरुस्ती होऊन जाते.

सहावी पायरी: प्रसिद्ध करण्याआधी

शीर्षक शेवटी द्या. 'चंद्र' या शीर्षकाची बारा लेखनं माझ्याकडे जमली होती. 'शाळेच्या वेळेत चंद्र दिसतो तो कसा?' हे एकच शीर्षक होतं, आणि दुसऱ्या वर्गाने आधी तेच उघडलं.

चित्र मुलांनी स्वतः काढलेलं सगळ्यात चांगलं. वहीतल्या पानाचा फोटो खिडकीजवळ, कडेने उजेड येईल असा घ्या. बाहेरचं चित्र घ्यायचंच असेल तर 'गूगलवर मिळालं' हा काही परवाना नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. त्यात चित्रकार आधीच सांगून ठेवतो की कोणत्या अटींवर वापरायला हरकत नाही. विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रसंग्रहावर अशी चित्रं भरपूर मिळतात. चित्राखाली त्याचं नाव, कुणाचं, कुठून घेतलं आणि कोणता परवाना, एवढं लिहायची सवय लावा. स्वतःच्या चित्राखाली मुलं आपलं टोपणनाव हौसेने लिहितातच. मग दुसऱ्याचं नाव का लिहायचं ते फार समजवावं लागत नाही.

चित्राला पर्यायी मजकूर द्या. ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. 'चंद्राचं चित्र' असं लिहून भागत नाही. 'वहीत पेन्सिलने काढलेली चंद्राची कोर, टोकं डावीकडे, खाली पाण्याची टाकी' असं हवं. एका ओळीत नेमकं वर्णन करण्याचा इतका चांगला सराव मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

सातवी पायरी: प्रतिक्रिया

वर्गाचा ब्लॉग बहुधा याच जागी बिघडतो. मुलांना मोकळं सोडलं की 'छान', 'मस्त', 'खूप छान' आणि अंगठ्यांची रांग लागते. लिहिणारा दोन दिवस सुखावतो, तिसऱ्या दिवशी त्यालाही कळतं की हे कुणी वाचलेलं नाही.

आमचा नियम दोन वाक्यांचा आहे. एक वाक्य नोंदीतल्या नेमक्या गोष्टीबद्दल, दुसरं म्हणजे खरा पडलेला प्रश्न. पहिले दोन आठवडे याचा सराव कागदाच्या चिठ्ठ्यांवर, भिंतीवर लावलेल्या नोंदींखाली करा. मग पडद्यावर जा. 'कापलेल्या नखासारखा हे मला लगेच दिसलं. पण टाकी पश्चिमेला आहे का?' अशी प्रतिक्रिया आली की लिहिणारा वही उघडतोच.

एका वर्षी आमचा जोडीदार वर्ग विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा होता. भाषा वेगळी, म्हणून दोन-दोन ओळी आणि चित्रं अशी देवाणघेवाण ठरली. भाषांतर यंत्राकडून करून घ्यायचं आणि संशय येईल तिथे सोपं वाक्य करून परत विचारायचं. आठवड्याभरात एका मुलीने पडद्यावर बोट ठेवलं: 'बाई, त्यांनी चंद्र उलटा काढलाय.' आधी सगळ्यांना वाटलं, चित्र चुकलंय. तशी प्रतिक्रियाही गेली. तिकडून उत्तर आलं की उलटा तुमचाच आहे. दोन दिवस वाद चालला, शेवटी मधोमध एक चेंडू टांगला आणि दोन मुलं त्याच्याकडे बघू लागली, एक सरळ उभं राहून आणि दुसरं वाकून पायांमधून. उत्तर गोलार्धातून वाढत्या चंद्राची उजवी बाजू उजळलेली दिसते, दक्षिणेतून डावी. हा धडा पाठ्यपुस्तकातून घ्यायचा तर मी पाच मिनिटांत उरकला असता, आणि मुलांनीही.

बाहेरून एखादी वाईट प्रतिक्रिया आली तर ती मंजूर करू नका, तिला उत्तर देऊ नका, पण पुसण्याआधी पडद्याचा फोटो घेऊन ठेवा. जाहिरातींच्या प्रतिक्रिया येतच राहतात, त्या सरळ उडवा.

यंत्राने लिहिलेल्या निबंधाचं काय

सांगाल ते लिहून देणारं चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि तेव्हापासून शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत हा प्रश्न निघतो. ओळखून काढणाऱ्या यंत्रांवर विसंबू नका. ज्या कंपनीने चॅटजीपीटी केलं त्याच कंपनीने यंत्राचं लिखाण ओळखणारं साधनही काढलं होतं. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये तिने ते बंद केलं. अशा साधनाच्या भरवशावर एखाद्या मुलाला चोर ठरवणं मला पटत नाही.

विषय नीट निवडला की हा प्रश्न निम्मा सुटतो. यंत्राला चंद्रावर लिहायला सांगा, ते म्हणेल, 'चंद्र हा पृथ्वीचा एकमेव नैसर्गिक उपग्रह आहे.' त्याच्याकडे टाकी नाही, मूठ नाही आणि सात वाजता गच्चीवर जावंही लागत नाही. खर्डा वहीत असतो आणि आवृत्त्या ब्लॉगवर असतात, त्यामुळे लिखाण कसं वाढत गेलं ते दिसतं. मोठ्या मुलांच्या वर्गात मी यंत्र वापरतेही, पण माझ्या खात्यावरून आणि सगळ्यांसमोर पडद्यावर. एखाद्या मुलाची नोंद त्याच्या संमतीने, नाव न देता टाकायची आणि विचारायचं: 'वाचकाला यात काय कळणार नाही?' दुरुस्त करून मागायचं नाही, फक्त प्रश्न मागायचे. त्यातले निम्मे प्रश्न मूर्ख असतात. कोणते ते मुलांनी ठरवायचं.

गुण आणि तुमचा वेळ

प्रत्येक नोंदीला गुण देऊ नका. तुम्ही थकाल आणि मुलं पुन्हा तुमच्यासाठीच लिहू लागतील. सत्रात प्रत्येकाच्या तीन-चार नोंदी, त्यातली एक त्याने स्वतः निवडायची आणि ती का निवडली ते चार ओळींत लिहायचं. मी पाहते ते एवढंच: न पाहिलेल्याला दिसेल असं लिहिलंय का, आणि प्रतिक्रियेनंतर काही बदललं का. शुद्धलेखनात एका वेळी दोनच चुका, मुलाला शेजारी बसवून. उरलेल्या मुद्रितशोधक बघतो, आणि एखादी निसटली तर निसटली.

आठवड्याला दोन तासिका आणि तुमची अर्ध्या-पाऊण तासाची बैठक पुरते. पहिल्या महिन्यात दुप्पट लागेल.

घरी नेट नसलेल्या पालकांसाठी महिन्याला चार निवडक नोंदींची छापील पानं काढा. नेट असणाऱ्यांसाठी वर्गाच्या दारावर क्यूआर कोड लावा. तो १९९४ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार केला होता. ब्लॉगचा पत्ता हाताने टंकताना तीनदा चुकणाऱ्या पालकांना तो बरा पडतो.

शेवटची पायरी: प्रत काढा

आज फुकट मिळणारी जागा उद्या असेलच असं नाही. पोस्टरस ही ब्लॉगसेवा एप्रिल २०१३ मध्ये बंद झाली. एडमोडो या शाळांसाठीच्या सेवेवर जगभरचे कितीतरी वर्ग होते, ती सप्टेंबर २०२२ मध्ये गेली. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा २०२४ च्या अखेरीस संपला. म्हणून सत्र संपलं की ब्लॉगची प्रत उतरवून घ्या. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोघांच्याही सेटिंगमध्ये सगळा मजकूर एका फाइलमध्ये घ्यायची सोय आहे. वर्डप्रेसच्या त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, म्हणून फोटोंचं फोल्डर वेगळं ठेवा. शिवाय सगळ्या नोंदी छापून, शिवून एक प्रत ग्रंथालयात द्या. मुलं ती हातात घेऊन आपलं पान शोधतात.

ज्या मुलाला आपली नोंद काढून टाकायची असेल त्याला ती कधीही काढता आली पाहिजे, शाळा सोडल्यावरही. त्यासाठी ब्लॉगवर शाळेचा एक ई-मेल पत्ता ठेवा, तुमचा वैयक्तिक नको.

आणि पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून मुख्याध्यापकांकडे द्या. मी आधी होते त्या शाळेचा ब्लॉग अजून तसाच आहे. तो कुणाला उघडता येत नाही, पुसताही येत नाही. त्याच्यावरची सगळ्यात ताजी नोंद म्हणते: 'सहलीचे फोटो उद्या टाकू.'